निळा पट्टा

पट्टा निळा का, तर निळं काही माणूस खात नाही.
हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.
कळलं तासगाव रोडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये,
जिथे गंधकाच्या धुरीचा वास
लॅपटॉपच्या पंख्यातून आत शिरायचा
आणि रात्री सांगलीत, खोलीवर, बॅगेतून बाहेर पडायचा.

माझं काम सांगायला सोपं.
बेदाणा कॅमेऱ्याखालून जाणार,
बरा की वाईट ते यंत्र ठरवणार,
वाईट असेल तर एक्केचाळीस मिलिसेकंदांनी
हवेची फुंकर. फू. बाजूच्या क्रेटात.
आई फोनवर म्हणाली, म्हणजे पाखडतोस?
हो म्हणालो.

पण यंत्राला आधी कुणीतरी शिकवावं लागतं,
आणि मी बेदाणा पाहिलेला फक्त शिऱ्यात.
म्हणून मालकांनी सुगलाबाई दिली,
जतकडची, निवडायच्या कामावर एकोणीस वर्षं.
ती ताटात बोट फिरवायची,
मी तिच्या शब्दावर क्लिक करायचो.
"ह्यो पानी प्यालाय." क्लिक.
"ह्यो रुसलाय." क्लिक.
"ह्यो बरा दिसतोय, पन न्हाई."
का नाही?
"न्हाई म्हंजे न्हाई."
क्लिक.

सहा हजार दोनशे फोटो.
फोल्डरांना नावं मी तिचीच दिली.
पुण्याचा टीम लीड मीटिंगमध्ये हसला,
दोनच ठेव म्हणाला, पास आणि फेल.

मॉडेल रुसलेले ओळखायला लागलं,
पाणी प्यालेलेही.
'न्हाई म्हंजे न्हाई'पाशी मात्र नाणं उडवायचं.
मी दिवे बदलले. तेलाची चकाकी मारायला फिल्टर लावला.
लेन्स शर्टाच्या टोकानं पुसली आणि स्वतःलाच शिव्या दिल्या.
सुरकुत्या इतक्या मोठ्या करून पाहिल्या
की झोपेत डोंगर दिसायचे, वरून, उपग्रहातून,
आणि त्यातला कुठला बरा ते सांगता यायचं नाही.

एका दुपारी लाइट गेली.
जनरेटर धडधडेपर्यंत सगळ्या बायका हात थांबवून बसल्या.
एकच ताट वाजत राहिलं काळोखात,
सरसर सरसर, मध्येच टप्, क्रेटात.
मग नजमा मुजावर बोलली, जणू कुणालाच नाही असं,
"दोन वर्सं झाली, तिच्या डोळ्यांवर सारा चढलाय.
मालकांना सांगू नका, सर."

सहा हजार दोनशे.

मी तिच्या शेजारी बसलो. डोळे मिटले.
तिनं माझं बोट धरून एका बेदाण्यावर दाबलं.
साल आत गेली, परत आली.
दुसऱ्यावर. आत गेली. आली नाही.
"कळ्ळं का?"
अर्धं.

मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी डाव्या डोळ्याचं.
काळा चष्मा लावून आली
आणि पट्ट्याजवळ बराच वेळ उभी राहिली.
"आगं बया, एवढा निळा?
मी म्हनायची, मळकट काळाच हाय."
आणि हसली, हात लावून बघितला,
जशी साडी बघतात दुकानात.

नियमाप्रमाणे तेच ताट तिला पुन्हा दिलं.
आता ती बघून सांगायला लागली.
बरा. बरा. बरा.
शंभरातले चाळीस तिनं स्वतःचेच खोडले,
मग थांबली, चष्मा काढला,
डोळे मिटून बोट ठेवलं.
"थांब. न्हाई."

यातलं कुठलं उत्तर खरं धरायचं,
हे विचारायला माझ्याकडे कुणी नव्हतं.
अहवालात चौऱ्याण्णव पूर्णांक सहा टक्के लिहिले,
उरलेल्याचं कारण: प्रकाशयोजना.

यंत्र चालू आहे.
चौदातल्या पाच बायका ठेवल्यात, पट्ट्याच्या टोकाला,
सुटलेलं बघायला.
करारात शब्द तसाच आहे, बघायला.
सुगलाबाई त्यात आहे.
चष्मा कपाळावर सरकवलेला.